घड गाडीत, खोड अंगणात

“वैजूऽ, ताट कर गं, आलोच!”

लग्नानंतरची पहिली काही वर्षं योगेंद्र मळ्याच्या बांधावरून अशी हाक द्यायचा. निंबोल्यातल्या अर्ध्या गल्लीला ती ऐकू जायची, अन् बाया पदराआड हसायच्या. तेव्हा घर केळी अन् कपाशीवरच चालायचं.

मग एका वादळात उभी केळी आडवी झाली, आणि घरानं नुसत्या शेताच्या भरवशावर राहणं सोडलं. सासूनं, धुरपदाबाईनं, शेळ्या घेतल्या. योगेंद्र केळीच्या ट्रकबरोबर दिल्लीला जाऊ लागला, माल विकून परतायचा. वैजयंतीनं बचत गटातून धागा काढायचं यंत्र आणलं. घड कापल्यावर उरलेलं खोड चिरायचं, त्याची सोपटं, म्हणजे एकेक सुटा थर, यंत्रात घालायची, की रेशमासारखा धागा सुटतो. पण खोड ताजं हवं; शिळं झालं की धागा काळवंडतो.

म्हणून कापणीचा दिवस त्याच्या जाण्याचा, अन् तोच तिच्या कामाचा. घड गाडीत चढत, खोडं अंगणात येत. निरोप यंत्राच्या घरघरीतच व्हायचा. तो हात हलवायचा. तिचे हात चिकानं भरलेले असायचे.

आज पुन्हा कापणी होती. धुरपदाबाई शेळ्यांना पाला टाकता टाकता म्हणाली, “काय व सूनबाई, तो दिल्लीचा शेठ याला पिकवणीच्या गोदामात बारमाही ठेवतो म्हणे. तुला बोलला का?”

“बोलले. तिथं पोचल्यावर हो सांगणार आहेत.”

“आन् तू काय म्हटलं?”

“म्हटलं, चांगलं आहे.”

“वा व माय! माझी शेळीबी तुझ्यापेक्षा जास्त बोलते.” मग म्हातारी आपल्याशीच गुणगुणली,

घड गेला दूर देशा, खोड राहिलं दाराशी,
सांग केळीच्या पाना, कोण बोलावं कोणाशी?

वैजयंतीनं मान खाली घातली अन् यंत्र सुरू केलं.

रस्त्यावर ड्रायव्हर दगानं भोंगा वाजवला. “चलो योगेंद्रभाऊ, जल्दी! केळं काय आपल्यासाठी हिरवं थांबते?”

योगेंद्रनं पिशवी केबिनमध्ये टाकली अन् तो यंत्रापाशी आला. “राहायची सोय बघतो तिकडं. दिवाळीला येईनच.”

तिनं मान हलवली. तो वळला. चार पावलं गेला असेल, अन् यंत्र थांबलं. कापणीच्या दिवशी त्या अंगणात इतकी शांतता कधीच नव्हती. खोडांची रास उन्हात तशीच पडून राहिली.

“काय वहिनी, लाइट गेली का?” दगा ओरडला.

“नाही. मीच बंद केलं.”

ती चिकाच्या हातांनीच रस्त्यापर्यंत आली. योगेंद्रचा एक पाय पायदानावर होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली. ओठ दोनदा हलले, आवाज तिसऱ्यांदा फुटला.

“अहो, मी चांगलं आहे म्हटलं ना, ते मनातून नव्हतं. तिकडं राहू नका. मला तुम्ही इथं हवे आहात.”