गल्लीवरचे धुणे

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, भिंतीला चार पितळी स्क्रू मारून, एक पाटी बसवलेली आहे. नगराच्या वारसा कार्यालयाचे म्हणणे तीवर असे कोरले आहे: "ही जिवंत गल्ली आहे. येथील कुटुंबे शतकानुशतके आपले धुणे या दोऱ्यांवर वाळत घालत आली आहेत. कृपया त्यांच्या खासगी जीवनाचा आदर करावा."

मित्रांनो, जे दगडावर कोरले जाते ते खरे असते, अशी समजूत तुमच्या वयात असते. मोठ्या वयातही ती पुष्कळांची टिकते, आणि त्यांतले काही पुढे पाट्या कोरवून घेतात. म्हणून आपण हे वाक्य जरा उलगडून पाहू. "शतकानुशतके" म्हणे. या गल्लीवर पहिली दोरी बांधली गेली तेव्हा मी हजर होते. त्याआधी इथले लोक तटाबाहेरच्या खडकांवर कपडे पसरत. ती दोरी बांधणारा मनुष्य परवापर्यंत खिडकीशेजारच्या आपल्या पलंगावर कॉफी पीत होता. इतक्या कोवळ्या वयाचे शतक मी कोणत्याही इतिहासग्रंथात ऐकलेले नाही. "कुटुंबे" हे अनेकवचन आहे. गल्लीतल्या एका दारामागे एक म्हातारा आणि एक म्हातारी राहत. बाकीच्या साऱ्या दारांवर आकडे जुळवून उघडायच्या छोट्या पेट्या लटकतात, आणि त्यांत पाहुण्यांसाठी किल्ल्या असतात. अनेकवचन आदरार्थी असेल, तर माझी हरकत नाही.

राहता राहिला "धुणे" हा शब्द. त्याविषयी मी स्वतः बोलणार नाही. त्यासाठी माझ्याकडे साक्षीदार आहे, आणि पाटी कोरवून घेणारा तोच आहे. त्याची पाळी शेवटी येईल.

मी एक जुनी कप्पी आहे. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या काश्त्रिन या तटबंदीच्या शहरात, एका घराच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीबाहेर मी राहते. माझे चाक ऑलिव्हच्या लाकडाचे आहे. लुक्शा नावाच्या तरुण सुताराने मला होड्यांच्या कारखान्यात घडवले. एका शिडाच्या नावेसाठी त्याने दोन कप्प्या कातल्या होत्या. नावेच्या मालकाने ऐनवेळी इंजिन बसवले आणि आम्ही दोघी बहिणी बेकार झालो. लुक्शाचे नुकतेच लग्न झाले होते. खडकांवर पसरलेल्या चादरी वाऱ्याने समुद्रात जातात, म्हणून त्याची नवी बायको नेवेंका रोज कुरकुरे. त्याने एक कप्पी आपल्या खिडकीला ठोकली, दुसरी घेऊन समोरच्या घराचे दार वाजवले, आणि आम्हा दोघींमधून दोरीचा एक अखंड फेरा ओवला. ती दुसरी म्हणजे मी.

समोरच्या घरात प्रोफेसर क्लेमेंत राहत. ते माध्यमिक शाळेत लॅटिन शिकवत आणि खिडकीत उभे राहून मोठ्याने वाचत. माझी भाषा तुम्हाला एखाद्या कप्पीला न शोभणारी वाटत असेल, तर दोष त्यांचा. दर वसंतात, ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू होण्यापूर्वी, लुक्शा दोन्हीकडे येऊन आमच्या कण्यांना डुकराची चरबी लावी. त्या काळी मी फिरत असे. मी फिरले की चादरी गल्लीवरून शिडांसारख्या पलीकडे जात. दोरीला टोपली अडकवून नेवेंका पालकाची भाजी पाठवी आणि प्रोफेसर तिच्यातूनच वाचून झालेले वर्तमानपत्र परत पाठवीत. "प्रोफेसर, पेपर तेलकट झालाय!" "भाजीनं झालाय, शोरा नेवेंका. तुमच्याच!" आमच्याकडे मोठ्या बाईला 'शोरा' म्हणतात. त्या दोघांनी आयुष्यभर एकमेकांना अहो-जाहो केले आणि आयुष्यभर एकमेकांवर ओरडले.

त्या दोरीचा एक नियम होता. गल्लीतून अंत्ययात्रा निघाली की कपडे ओले असोत वा सुके, आत ओढून घ्यायचे. माणूस शेवटचा जाताना त्याच्या डोक्यावर आकाश असावे, कुणाची चड्डी असू नये, असे नेवेंका सांगे. दुरून घंटा ऐकू आली की दोन्ही खिडक्यांतून हात बाहेर येत आणि मी गरगर फिरत असे. प्रोफेसर गेले, तेव्हा त्यांच्या बाजूला ओढणारे कुणी उरले नव्हते. लुक्शा स्वतः जिने उतरला, जिने चढला आणि त्यांच्या खिडकीतून शेवटचा टॉवेल त्याने आत घेतला.

मग प्रोफेसरांच्या परगावच्या पुतण्याने घर विकले. ग्रंथ हातगाडीवरून गेले, आणि खोल्यांना पाहुण्यांसाठी पांढरा रंग लागला. पाठोपाठ वारसा कार्यालयाचे फर्मान आले की व्यक्तिगत कपड्यांचे प्रदर्शन नगराच्या ऐतिहासिक सौंदर्यास बाधक आहे, सबब बंद.

"माझा परकर म्हणे शहराची शोभा घालवतो," नेवेंका म्हणाली.

"मला तर एवढ्या वर्षांत काही बिघडलेलं दिसलं नाही," लुक्शा अंथरुणावरून म्हणाला. तोवर त्याने अंथरूण धरले होते.

कपडे तेव्हापासून घरातच खुर्च्यांच्या पाठींवर वाळू लागले. दोरी मोकळी राहिली. दोन उन्हाळे गेले आणि मग पाहुण्यांच्याच तक्रारी येऊ लागल्या की गल्ल्या ओसाड वाटतात, छायाचित्रांत काही येत नाही. तेव्हा वारसा कार्यालयाचे संचालक दालिबोर एका सकाळी शिडी, दोन माणसे आणि एक खोके घेऊन आले. दालिबोर परके नव्हेत. त्यांचा जन्म याच गल्लीत, तळमजल्यावर झाला. त्यांनी मला घासूनपुसून चकचकीत रोगण लावले, खाली एक दिवा बसवला, गल्लीच्या तोंडाशी ती पाटी मारली. जुनी दोरी काढून नवी ओवली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. आमचा सुंभ न जळताच गेला आणि पीळही सोबत घेऊन गेला. नव्या दोरीवर त्यांनी खोक्यातले कपडे टांगले: पांढरी चादर, खलाशाचा पट्ट्यांचा सदरा, दोन उशांचे अभ्रे, लहान मुलीचा लाल फ्रॉक. चिमटे केवळ शोभेचे होते, कपडे दोरीला शिवलेले होते. त्यांच्यातले अंतर वाऱ्याने बिघडू नये, म्हणून माझ्या चाकातून आरपार एक बोल्ट ठोकला.

त्या दिवशी लुक्शाने पलंगावरून मान उचलली. "नेवे, समोर कुणी राहायला आलंय का गं? पोरीचा फ्रॉक दिसतोय."

नेवेंकाने खिडकीशी जाऊन फ्रॉककडे पाहिले. मग म्हणाली, "हो. आलंय."

"बरं झालं. गल्लीत पोर हवं."

पुढे रोज तो विचारी, पोरगी दिसली का. ती म्हणे, शाळेत गेली असेल.

सप्टेंबरात प्रोफेसरांच्या जुन्या घरात बोग्ना पाहुणी म्हणून आली. ही पोलंडमधली, शाळेत भूगोल शिकवणारी मध्यमवयीन बाई, तीन दिवसांच्या सहलीवर एकटीच. तिची भाषा आमच्या भाषेची मावसबहीण, त्यामुळे सावकाश बोलले की तिचे आणि नेवेंकाचे भागे. आल्याबरोबर तिने काय केले असेल? पाटी वाचली आणि लाल फ्रॉकचा फोटो काढला. मी तिला दोष देत नाही. पाटी दगडाची होती.

"फोटो नीट आला का?" समोरून नेवेंकाने विचारले.

बोग्ना दचकली, ओशाळली. "माफ करा हं. तुमचे कपडे आहेत का हे?"

"माझं माप बघ आणि फ्रॉकचं बघ."

बोग्ना हसली. नेवेंकानेही थोडे हसून घेतले. "एकटीच फिरतेस? नवरा?"

"घरी आहे. त्याला समुद्र सोसत नाही."

"शहाणा आहे. माझ्याला समुद्राशिवाय काही सोसलं नाही, आता झोपलाय बघ."

दुसऱ्या दिवशी बोग्नाने तटावरून फेरी मारली, मठ पाहिला. घंटाघर तिने तिसऱ्या दिवसासाठी ठेवले होते. संध्याकाळी नेवेंकाने तिला वर बोलावून कॉफी आणि सुके अंजीर दिले. परका आवाज ऐकून लुक्शाने डोळे उघडले. "ही फ्रॉकवाल्या पोरीची आई का?"

नेवेंकाने बोग्नाकडे नुसते पाहिले. भूगोलाच्या बाईला नकाशा कळायला वेळ लागला नाही.

"हो," बोग्ना म्हणाली. "अभ्यास करतेय ती. उद्या आणते."

"आण," लुक्शा म्हणाला. "आणि तुझी कप्पी फिरत नाहीये. करकर ऐकू येत नाही मला. चरबी लाव तिला."

मित्रांनो, मला घडवणाऱ्याने माझ्याविषयी काढलेले ते शेवटचे उद्गार. त्याला धड दिसत नव्हते, ऐकू कमी येई, तरी चाक अडले आहे हे त्या एकट्या माणसाला कळले होते.

पहाटे तो गेला. मृत्यूची खबर देणारा काळ्या चौकटीचा कागद चर्चच्या फळ्यावर लागला. वाहन आमच्या गल्लीत येत नाही, म्हणून त्याला खांद्यावरूनच न्यायचे होते आणि त्याचीही तीच इच्छा होती. होड्यांच्या कारखान्यातले चार म्हातारे काळे कोट घालून आले. नेवेंकाला आता या जगात एकच गोष्ट हवी होती. तिने खिडकी उघडली.

"पोरी, ओढ गं! तुझ्या बाजूनं ओढ. त्याला खाली नेतायत."

बोग्नाची पिशवी भरलेली होती, दुपारची बोट होती. तिने पिशवी टाकली, दोन्ही हातांनी दोरी धरली आणि ओढली. मी फिरले नाही. तिने पाय भिंतीला टेकवून पुन्हा ओढली. मग ती वाकली आणि तिला माझ्यातला बोल्ट दिसला. तिने फ्रॉकची कड उलटी केली, तर आत कारखान्याची चिठ्ठी तशीच होती. स्वयंपाकघरातली सुरी आणून ती दोरी कापू लागली. आत पोलादी तार होती. सुरी सटकली आणि तिच्या तळहातावर लाल रेघ उमटली.

"निघत नाहीये, शोरा नेवेंका! ठोकून ठेवलंय!"

खाली शवपेटी दारातून बाहेर आली होती. काळा कोट घातलेले दालिबोर पुष्पचक्र घेऊन पुढेच उभे होते. नेवेंका जिना उतरून आली आणि पेटीच्या पुढे आडवी उभी राहिली.

"ते वरचं निघाल्याशिवाय हा इथून हलणार नाही."

"शोरा नेवेंका, पाना कार्यालयात आहे, आणि आज रविवार—"

"दालिबोर, तुझे लंगोट याच दोरीवर वाळलेत! तेव्हा तुझ्यापाशी पाना होता की कॅमेरा?"

पेटी धरलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकाला हसू आवरेना. दालिबोर लाल झाले. त्यांनी तिचा दंड धरला आणि समजुतीच्या स्वरात काही सांगितले. खांदेकऱ्यांचे पाय थरथरत होते, ते पाहून ती बाजूला झाली.

लुक्शा माझ्याखालून गेला. पेटीवरून आधी चादरीची सावली सरकली, मग सदऱ्याची, शेवटी फ्रॉकची. ज्याने मला फिरायला शिकवले, त्याच्यासाठी मला एक फेरा घेता आला नाही. त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी पाहुण्यांचा एक थवा थांबला होता. पाटी वाचून त्यांनी अदबीने आवाज खाली आणले, आणि मग कॅमेरे वर केले. मढ्याच्या टाळूवरचे लोणी ही म्हण मला प्रोफेसरांनी शिकवली होती, पण ते खाताना रुमाल कसा लावतात, ते मी त्या दिवशी पाहिले. कुटुंब म्हणून पेटीमागे दोघी चालत होत्या: नेवेंका, आणि हाताला पट्टीसारखा टॉवेल गुंडाळलेली बोग्ना. तिची बोट गेली. घंटाघर तिने खालूनच, त्याची घंटा वाजत असताना, पाहिले.

अशा कथेच्या शेवटी जुनी वस्तू तुम्हाला विनवते की आमची काळजी घ्या. मी विनवणार नाही. माझी काळजी घेतली गेली आहे. मला रोगण आहे, दिवा आहे, माझ्याविषयी पाटी आहे. मी भिकार, चरबीने माखलेली, करकरणारी होते, तोवर जिवंत होते. म्हणून कुणी तुमच्यासमोर एखादी जुनी गोष्ट जपायला निघाला, तर टाळ्या वाजवण्यापूर्वी तिला एकदा हाताने ओढून बघा. फिरली तर ठीक.

आता साक्षीदार. त्या दिवशी माझ्या बरोबर खाली, नेवेंकाचा दंड धरून दालिबोर जे बोलले, ते त्यांच्याच शब्दांत, काना-मात्रा न बदलता देते:

"शोरा नेवेंका, ऐका माझं. अंत्ययात्रेला कपडे आत ओढतात, हे मला काय ठाऊक नाही? मी इथलाच. पण ती माणसांच्या कपड्यांची रीत. हे कपडे कधी कुणी घातले नाहीत, कधी कुणी धुतले नाहीत. वर कुणी राहतच नाही. मग आत ओढायचे कुणासाठी?"