हर्मोगेनाच्या नावाचे आठ डबे

फिलिपिन्समधल्या दुमागेतेच्या वृद्धाश्रमात वायफायचे आठ नवे डबे बसवायचे होते. एल्पिडियो सकाळपासून शिडीवरच होता, पण काम म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. आठही डब्यांचा एक गट करायचा. मग एकाला नाव आणि पासवर्ड सांगितला की बाकीचे सात मुकाट तेच उचलतात. माणसं इतकी शहाणी असती तर काय हवं होतं! नावही ठरलेलं होतं. ज्या गिरणीवाल्याने पैसे दिले, त्याचं.

गाडं अडलं ते शेवटच्या खोलीत. तिथे लोला हर्मोगेना, म्हणजे हर्मोगेनाआजी, राहायची. चौऱ्याऐंशी वर्षांची, निवृत्त शिक्षिका. उशाशी फोटो दाखवणारी चौकट. जहाजावर असलेला तिचा मुलगा नेस्टर फोटो पाठवायचा, ते त्या चौकटीत आपोआप उमटायचे. ख्रिसमसपासून एकही आला नव्हता, आणि आता ऑगस्ट लागला होता.

"जहाज कंपनीवाले सांगतात, तो ठणठणीत आहे," लोला म्हणाली. "खिडकीतला हा डबाच म्हातारा झालाय. नेस्टरनंच बसवलेला. तुझे नवे लागले की येतील बघ सगळे एकदम! येतील ना रे, डोंग, बाळा?"

"येतील की!" एल्पिडियो म्हणाला. म्हणायला काय जातंय!

पण चौकटीची बटणं कधीच मेली होती. तिला नवं नाव शिकवणं अशक्य. ती एकच नाव ओळखायची, नेस्टरनं जुन्या डब्याला दिलेलं, हर्मोगेना, आणि एकच पासवर्ड: नेस्टर घरी येणार. गिरणीवाल्याचं नाव दिलं असतं तर ती कायमची बहिरी झाली असती.

तो आश्रम चालवणाऱ्या सिस्टर युफ्रासियांकडे गेला. "सिस्टर, आठही डब्यांना लोलाचं नाव देऊ?"

"अरे देवा! आणि गिरणीवाले आले म्हणजे?"

"सांगा, एल्पिडियोला अक्कल नाही."

"ते काही खोटं नाही," सिस्टर म्हणाल्या आणि हातानेच 'दे' म्हणाल्या.

जेवणाआधी आश्रमभर सगळ्यांच्या फोनवर तो पासवर्ड गेला. स्वयंपाकीणबाईंनी तर ओरडून विचारलं, "अगं लोला, कधी येणार गं हा नेस्टर? भात जास्तीचा टाकू का?" लोला लाजून हसली.

दुपारी एल्पिडियोनं जुना डबा उतरवला. चौकटीवर हिरवा दिवा लागला. लोलानं केस विंचरले, त्याच्या हातात केळीच्या पानातलं बुदबुद, गोड चिकट भात, ठेवलं, आणि दोघं बघत बसले. अर्धा तास गेला. काही नाही.

चाचणी म्हणून त्यानं अंगणातल्या मांजराचा फोटो काढला आणि चौकटीच्या मागे लिहिलेल्या पत्त्यावर पाठवून दिला. चौकट लगेच उजळली.

"आला!" लोला उठूनच उभी राहिली. मग तिनं चष्मा नीट केला. "हे तर आपलं मांजर."

एल्पिडियोला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"म्हणजे रस्ता चालू आहे," ती हळूच म्हणाली. "खरं सांग, जुना डबा बिघडला होता?"

"होता ना, लोला. थोडासा."

"बेचाळीस वर्षं पोरांचं खोटं पकडलंय मी."

जुना डबा खणखणीत होता. उतरवतानाच त्याला कळलं होतं.

"माझ्या दारावरचा नवा डबा तेवढा काढून ने," ती म्हणाली.

"काढला तरी शेजारचा पकडेल, लोला. सगळ्यांचं नाव एकच आहे."

"आणि बागेकडच्या खोलीत गेले तर?"

"तिथेही."

"प्रार्थनाघरात?"

"कुठेही गेलीस तरी पकडेल."

तिनं मान हलवली. "बरं झालं. काम चोख केलंस हो," असं म्हणून ती पलंगावर बसली.

एल्पिडियोनं शिडी आवरली, मग पुन्हा उघडली. एकेका डब्याखाली जाऊन तो दिवे बघू लागला. आठही छान चालले होते. बावीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदाच त्याला मनापासून वाटलं, कुठेतरी बिघाड निघावा.