तळ्याचं अजीर्ण

सांडपाण्याचा त्रास कोणाला नवा आहे? पाणी आपल्या दारापुढून गेलं की आपण सुटलो, असं आपल्याला वाटतं. खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या पुंडलिकरावांनाही तसंच वाटलं. जबलपुरात तळ्याकाठच्या नव्या कॉलनीत त्यांनी घर बांधलं, समितीचे सचिव झाले आणि साठ घरांची नाली सरळ तळ्यात सोडून दिली. अंगणं कोरडी झाली. लोकांनी हार घालून त्यांचा सत्कार केला!

दोन वर्षांत तळं शेवाळानं हिरवंगार झालं. मग एका भाद्रपदात चार दिवस आभाळ गच्च राहिलं, आणि पाचव्या सकाळी सगळ्या तळ्यावर मेलेले मासे तरंगत होते.

तळ्याचा ठेका राधाबाईकडे होता. मासे आणि शिंगाडे यांवरच तिचं घर चालायचं. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ती मेलेले मासे टोपलीत भरत होती, आणि काठावरून लोक म्हणत होते, "शिंगाड्यांवर हिनंच काही औषध टाकलं असन!"

पुंडलिकरावांनाही ते पटलं. तिचा ठेका रद्द करावा, असा अर्ज त्यांनी लिहायला घेतला. हे कळताच राधाबाई ओल्या लुगड्यानंच त्यांच्या दारात आली.

"भैया जी, मैं जहर डालूँगी? अपने ही बच्चों की थाली में?"

ती गेल्यावर त्यांची सून विनता बाहेर आली. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची.

"बाबा, विष कोणीच नाही टाकलं. तळ्याला अजीर्ण झालं आहे."

"अजीर्ण?"

"आपलं खरकटं, साबण, संडासाचं पाणी, हे सगळं एका परीनं खतच ना? तळ्यात पडलं, त्यावर शेवाळ माजलं. खालच्या शेवाळाला ऊन मिळेना, ते मरून सडायला लागलं. सडताना पाण्यातली हवा संपते. त्यात चार दिवस ऊनच नाही, म्हणून वरचं शेवाळही नवी हवा सोडेना. मासे गुदमरून मेले."

"इतकी वर्षं लोक इथं म्हशी धूत होते, तेव्हा काहून नाही मेले?"

"तेवढं तळं पचवत होतं. आता साठ घरांचं आपण त्याच्यात ओतून राहिलो. अन् तिकडे मझौली गावच्या आपल्या वावरात माती उपाशी! तिथली शेती पाहणारे काकाजी म्हणतात ना, दरवर्षी युरिया वाढवावाच लागते? धान्याबरोबर मातीतून निघालेलं मातीत परत जातच नाही, तर दुसरं काय होईल?"

पुंडलिकरावांनी अर्धवट लिहिलेला अर्ज पुन्हा उचलून वाचला. कारखान्यात तीस वर्षं त्यांनी माल तपासला होता. खोट कोणाच्या हातची, हे त्यांनी कधी कोणाला लपवू दिलं नव्हतं. आणि आज?

संध्याकाळी समितीची बैठक भरली. अर्ज हातात घेऊन ते उभे राहिले.

"यात नाव चुकलं आहे. मासे मी मारले. राधाबाईचं नाव खोडा, माझं लिहा!"

शेजारचा दिवाकर म्हणाला, "पण काका, नाली मग न्यायची कुठं?"

"माझ्या घरामागं मोकळी जागा आहे. तिथं खड्डे खणू."

बैठकीतून ते थेट राधाबाईकडे गेले आणि त्यांनी हात जोडले. ती म्हणाली, "माफी बाद में, भैया जी. पहले नाली बंद करो."

नाली वळली. खड्ड्यांत निवळलेलं पाणी केळीच्या वाफ्यांना जाऊ लागलं. ओला कचरा कुजवून त्याचं खत वावरात जाऊ लागलं. आधी लोकांनी नाकं मुरडली, मग हळूहळू तेही आपली बादली घेऊन येऊ लागले. तळं मात्र लगेच बरं झालं नाही. दोन वर्षं राधाबाईला परक्या घरची भांडी घासावी लागली. तिसऱ्या वर्षी पाणी निवळलं, तेव्हा तिनं पुन्हा मत्स्यबीज सोडलं. त्या दिवशी पुंडलिकराव काठावर उभे होते. डोळे भरून आले होते, पण ते त्यांनी पुसले नाहीत.

मित्रांनो, रानात कचरा नावाची गोष्टच नसते! झाड मातीतून जे घेतं, ते पान गाळून मातीलाच देतं. हा फेरा आपणच मोडतो, आणि त्याचं दुःख भोगतो मात्र दुसराच कोणी. जिचं आपण खातो, त्या मातीला तिचं परत द्या. आणि आपली घाण दुसऱ्याच्या पोटावर जात नाही ना, हे आधी स्वतःला विचारा!