पाण्याचं वाक्य

माझी बायको प्रतिमा गेली तेव्हा मी आयसीयूच्या दाराबाहेर होतो. आमची मुलगी यशश्री कॉलेजातून निघाली होती, आनेकल गावाहून येणाऱ्या बसमध्ये अडकली होती. तोंडात पाणी घालायलासुद्धा कुणाला आत सोडलं नाही. प्रतिमा तशीच गेली.

वर्षाच्या आत यशश्रीच्या विद्यापीठात भाषणाची स्पर्धा आली. विषय होता, आयुष्य बदलणारा प्रसंग. सराव मोबाइलमधल्या एआयसमोर करायचा. ती बोलायची, तो आवाज आणि नजर तपासून मार्क द्यायचा, मजकूरही सुधारून द्यायचा. चारचौघांत तोंड न उघडणारी पोर धीट होत होती. मला बरं वाटत होतं.

एका सकाळी चहा घेऊन तिच्या खोलीत गेलो. ती इंग्रजीत म्हणत होती, "मी आईच्या तोंडात चमच्याने गंगेचं पाणी घातलं आणि तिने डोळे मिटले."

"हे कधी झालं?"

"बाबा, मध्ये नको ना बोलू! रेकॉर्डिंग चालू आहे."

"कधी झालं, यशू?"

तिने मोबाइल पालथा ठेवला. "त्याने विचारलं, तुमच्यात शेवटच्या क्षणी काय करतात? मी सांगितलं. त्याने ते वाक्य घालून दिलं. मार्क केवढे वाढले माहितीये?"

"त्याची आई गेली होती का?"

"टोमणे नको मारू. तिथे खरंखोटं कोण विचारणार आहे?"

"मी विचारतोय. काढ ते वाक्य."

"बघते," ती म्हणाली.

स्पर्धेला मी पुढेच बसलो. भाषण छान चाललं होतं. त्या वाक्याशी आली आणि तिची नजर माझ्यावर पडली. ती थांबली. मला वाटलं, आता गाळेल. मग तिने मान वळवली आणि ते वाक्य पूर्ण म्हटलं. शेजारच्या बाई डोळे पुसू लागल्या.

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. परीक्षक माइकवर म्हणाले, "गंगाजलाच्या आधीचा तो पॉज! एआयबरोबर सराव केला की असं टायमिंग येतं. बाकीच्यांनी शिकून घ्या."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, लोक बघत होते.

बाहेर बसस्टॉपवर ती म्हणाली, "बाबा, ते थांबणं त्याने नव्हतं शिकवलं."

"माहीत आहे. तरी म्हणालीसच."

बस आली. आमच्या इकडे बसमध्ये बायका पुढे बसतात, पुरुष मागे; ती पुढे गेली, मी मागे. बरं झालं.