उजवीकडचा भांग

ऑफिसात तिला सगळे तिखटबाई म्हणत, अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडायचं. दर रविवारी वर्तमानपत्रात तिचं सदर यायचं आणि सोमवारी कुणी ना कुणी तक्रार घेऊन संपादकांच्या दारात उभं असायचं. तीन वर्षांपूर्वी तिने अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यांना धरून धुतलं होतं. मथळा दिला होता 'टाळूवरचं लोणी'. लेखात दुकानाचं नाव नव्हतं, पण अख्ख्या शहरात तसं दुकान होतंच एक. ते निरोपकाकांचं. त्यामुळे नाव न छापण्याचा सभ्यपणा तसा फुकटच गेला होता.

आणि आता तिचेच बाबा गेले. एक्केचाळीस दिवस हॉस्पिटलात काढले आणि आज पहाटे गेले. फोन करायला दुसरा नंबर नव्हता. तिने आपण कोण ते सांगितलं. हा माणूस आता उट्टं काढणार, असं तिला वाटलं. पण काका म्हणाले, "बाबांचा एखादा फोटो पाठवा, ताई. अलीकडचा. बाकीच्यांना चारला बोलवा, पण तुम्ही आईंना घेऊन तीनलाच या."

खरी काळजी आईचीच होती. आईला हल्ली काही आठवायचं, काही नाही. झेपणार नाही म्हणून तिला हॉस्पिटलात नेलंच नव्हतं. सकाळपासून तिला चार वेळा सांगून झालं होतं आणि चारही वेळा ती म्हणाली होती, "काहीतरीच बोलतेस! येतील की संध्याकाळपर्यंत." चेहरा एकदा नीट बघितला तर पटेल, एवढी एकच आशा उरली होती. आज पटलं नाही तर आई उरलेला जन्म दाराकडे डोळे लावून बसणार, हे तिखटबाईला लख्ख दिसत होतं.

दुकानामागची खोली स्वच्छ होती. भिंतींना अर्ध्यापर्यंत पांढऱ्या फरशा, साबणाचा वास, कोपऱ्यात कपाट. मधल्या टेबलावर बाबा. काकांनी दाढी गुळगुळीत केली होती, शर्टाला इस्त्री होती, आणि ऑक्सिजनच्या मास्कने नाकावर पडलेला काळा वण कुठल्या कुठे गेला होता.

आई पुढे झाली, वाकली आणि दोन पावलं मागे सरली.

"हे आमचे नाहीत."

"आई, नीट बघ ना गं."

"बघितलं की. दिसतात बरेचसे तसेच, पण दुसरेच कुणीतरी आहेत बिचारे. चल, घरी चल. ते येऊन ताटकळले असतील."

तिखटबाईच्या डोक्यात तिडीक गेली. "काय करून ठेवलंत हे?" ती काकांवर घसरली. "एवढं एक काम, तेही धड नाही?"

चष्मा कपाळावर ढकलून काकांनी मोबाइलवरचा फोटो डोळ्यांजवळ धरला, मग बाबांकडे बघितलं, मग पुन्हा फोटोकडे.

"हा फोटो कुणी काढला, ताई?"

"मीच. बागेत, आम्हा दोघांचा. हात लांब करून."

"यात शर्टाचा खिसा बाबांच्या उजव्या छातीवर आहे बघा. पुरुषांच्या शर्टाला असा कुठे असतो? फोनने आरशासारखं उलटं टिपलंय. मी आपला फोटोबरहुकूम भांग पाडला, तो नेमका उलट्या बाजूला." त्यांचे कान लाल झाले होते. "इतकी वर्षं हेच करतोय आणि खिसा बघायचा राहिला. चूक माझी आहे."

फोटो तिखटबाईनेच काढलेला होता. हा चेहरा ती चव्वेचाळीस वर्षं बघत आली होती आणि भांग डावीकडे गेलाय हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं. स्वतःचीच लाज वाटली तिला.

काकांनी कंगवा ओला केला आणि आईपुढे धरला. "काकू, माझं चुकलंय. तुम्ही पाडता का भांग?"

बाबांचा हात थरथरायला लागल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, हे काम आईचंच होतं. तिने कंगवा घेतला. डावा तळवा बाबांच्या कपाळावर टेकवला, केस सगळे पुढे ओढले आणि उजवीकडून एकच सरळ रेघ मारली. कानावरची बट मागे सारली. मग ती बघतच राहिली.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "हेच की."

काकांनी मागून स्टूल सरकवलं. आई बसली, बाबांच्या छातीवर हात ठेवला आणि पहिल्यांदा रडली. "गेले गं," ती म्हणाली. तिखटबाईने तिला घट्ट धरलं आणि तीही रडली. महिनाभर साठलेलं सगळं वाहून गेलं.

काका टॉवेल काढायला कपाटाशी गेले, तेव्हा दाराच्या आत चिकटवलेलं पिवळं कात्रण तिला दिसलं. तोच मथळा. खाली तिचंच एक वाक्य लाल पेनाने अधोरेखित केलेलं: 'घरच्यांना सगळं उरकल्यावर आत घेतात, मग चुकलेलं सांगायचं कधी?'

"झोंबला होता हो लेख," टॉवेल पुढे करत काका म्हणाले. "आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. पण एवढं वाक्य खरं होतं. तेव्हापासून घरच्यांना तासभर आधी बोलावतो."

एका बैठकीत आठशे शब्द पाडणाऱ्या बाईला दोनच सापडले. "उपकार झाले."

"उपकार कसले? तुम्ही लिहिलंत म्हणून आज निभावलं," काका म्हणाले.

चारला लोक यायला लागले. आत येणाऱ्या कुणालाही तिखटबाईला काही सांगावं लागलं नाही. उशाशी स्टुलावर आई बसली होती, कंगवा मुठीत धरून, आणि प्रत्येकाला सांगत होती, "हे गेले हो. भांग मी पाडलाय."