नोंद झाली

करवतने पुन्हा छपाईचं बटण दाबलं. प्रिंटर गुरगुरला आणि उद्याच्या डायलिसिसच्या पाळ्यांचा कागद निमूटपणे बाहेर आला. तिने तो चुरगाळून टोपलीत टाकला.

"कुठाय एरर?"

"सकाळी येत होता," सिस्टर म्हणाली. "कधी येतो, कधी नाही."

"कधी येतो, कधी नाही. पाहुणा आहे का तो?"

सिस्टरने टोपलीतला कागद उचलून सरळ केला.

करवत हे तिचं खरं नाव नव्हे. दुसऱ्यांच्या बिघडलेल्या फाइली दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ती कामाला होती. तिच्या जिभेमुळे सहकाऱ्यांनी पाठीमागे ठेवलेलं हे नाव कानावर आलं तेव्हा ती खूश झाली होती. तिच्या मते बिघडलेल्या प्रत्येक फाइलीमागे एक मठ्ठ माणूस असे, आणि बहुतेक वेळा तो समोरच बसलेला असे. आज समोर सिस्टर होती. डायलिसिस विभागाच्या खिडकीवर बसून रुग्णांच्या पाळ्या लावणारी, पन्नाशीची, बोलताना स्वतःच्याच बोटांकडे बघणारी बाई.

गेल्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ नेहमीप्रमाणे पाळीला आले, तर यादीत त्यांचं नावच नव्हतं. मशीन सगळी भरलेली. त्यांना दोन दिवसांनी या म्हणून परत पाठवलं. संध्याकाळी छातीत पाणी भरलं आणि धापा टाकत त्यांना आणलं ते थेट आयसीयूत. तेव्हापासून ते तिथेच होते. सिस्टरच्या हातात नोटीस पडली होती.

हे सगळं व्यवस्थापकांनी सकाळी आपल्या केबिनमध्ये सांगितलं, ते बाहेर खिडकीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"फाइल मी स्वतः लिहिलीय. मॅक्रोसकट. इतकी वर्षं बिनबोभाट चालतेय. माझ्या कॉम्प्युटरवर एकदाही एरर आलेला नाही. बाईंचा हात धड चालत नाही, दुसरं काय! तुम्ही तेवढं लिहून द्या, म्हणजे मला वर पाठवता येईल."

'मी स्वतः लिहिलीय' म्हणणाऱ्या साहेबांचा करवतला सिस्टरसारख्या लोकांहूनही जास्त तिटकारा होता. पण बाईंचा हात धड चालत नसणार, हेही तिला सहज पटलं होतं.

तिने फाइलीचा कोड उघडला आणि नाक मुरडलं. साहेबांनी चांगलेच दिवे लावले होते. प्रत्येक मॅक्रोच्या, म्हणजे बटण दाबलं की आपोआप चालणाऱ्या सूचनांच्या, डोक्यावर एकच हुकूम होता, की एरर आला तर लक्ष न देता पुढे जायचं. आणि प्रत्येक मॅक्रोच्या शेवटी एक हसरी चौकट उमटायची, 'नोंद झाली.' मधल्या मध्ये नोंद होवो न होवो, चौकट उमटणारच. फक्त छपाईच्या मॅक्रोत तो हुकूम टाकायचं साहेब विसरले होते. म्हणून एरर तेवढा छपाईलाच दिसत होता. बाकी ठिकाणी तो येऊन गपचूप गिळला जात होता.

"शाळेतल्या पोरानंही असं लिहिलं नसतं," ती स्वतःशीच पुटपुटली.

इतक्यात केबिनच्या काचेपलीकडे व्यवस्थापक येऊन खुर्चीत बसले, चष्मा लावून कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करू लागले. करवतने सवयीने छपाईचं बटण दाबलं, आणि पडद्यावर एरर उभा राहिला.

ती उठली आणि न विचारता केबिनमध्ये शिरली. व्यवस्थापकांच्या पडद्यावर उद्याच्या पाळ्यांचं पान उघडं होतं. एका ओळीच्या कडेला छोटीशी पेन्सिल दिसत होती. म्हणजे पानात बदल चालू होता, आणि तो संपेपर्यंत बाकी सगळ्यांना तिथे मज्जाव होता, नोंदीलाही आणि छपाईलाही.

"हे पान तुम्ही असंच उघडं ठेवता?"

"म्हणजे काय! नजर ठेवावी लागते. एखाद्याचं नाव वर घ्यायचं असतं, खाली घ्यायचं असतं. मधेच फोन आला, राउंडला जावं लागलं, तर राहतं तसंच."

"बंद करा."

त्यांनी कपाळाला आठ्या घालून पान बंद केलं. करवतने दारातून सिस्टरला खूण केली. बाहेर प्रिंटर गुरगुरला.

"आता उघडा. कुठल्याही नावापुढे काहीतरी टाइप करा."

"एरर आला!" बाहेरून सिस्टर म्हणाली.

व्यवस्थापक पडद्याकडे बघत राहिले.

"तुम्ही पान धरून बसता, तेव्हा खिडकीवरून टाकलेलं नाव आत जातच नाही," करवत म्हणाली. "आणि तुमचा कोड तिला सांगतो, नोंद झाली. तुमच्याकडे एरर येईल कसा? तुमच्यामुळेच तर येतोय तो."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग आवाज खाली आणला.

"हे तोंडी राहू द्या. फाइल जुनी झालीय, एवढंच लिहा. नोटीस मी मागे घेतो. बाईंना आपण सांभाळून घेऊ."

"सांभाळून?" करवतने तो शब्द घाणीत पडलेली वस्तू चिमटीत धरावी तसा उच्चारला. "मी लिहीन तसाच रिपोर्ट जाईल."

बाहेर येऊन ती लॅपटॉपची वायर गुंडाळू लागली. मान वर न करता, समोरच्याला कळणार नाहीच अशा सुरात, तिने सिस्टरला दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं.

सिस्टरने त्या वायरीवर हात ठेवला.

"म्हणजे आजोबांचं नाव मी टाकलं होतं?"

"तुम्हाला आठवत नाही?"

"आठवत होतं. पण यादीत नव्हतं ना. सगळे म्हणाले, नाही टाकलं. मग मलाही वाटायला लागलं, नसेल टाकलं. त्यांच्या मुलीपुढे हात जोडले मी. चूक झाली म्हणाले." तिने केबिनकडे पाहिलं. "साहेबांना सांगितलंत?"

"आत्ताच."

"मग ते बाहेर का नाही आले?"

केबिनचं दार लोटलेलं होतं. करवतने लॅपटॉप बॅगेत घातला.

"वर चला," सिस्टर म्हणाली. "मुलगी आयसीयूबाहेर बसलेली असते."

"माझं काम झालंय."

"माझं नाही झालं." सिस्टरने पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. "माझं ऐकणार नाही ती. तुम्ही सांगा."

वरच्या मजल्यावर बाकाच्या टोकाला, शेजारी मोठी पिशवी ठेवून, एक तरुण बाई बसली होती. सिस्टरला बघताच तिने तोंड फिरवलं. करवत तिच्यासमोर उभी राहिली. मॅक्रो, कोड, एरर, दिवसभर जिभेवर नाचणारे शब्द तिने एकेक करून मनातच बाजूला सारले.

"तुमच्या वडिलांचं नाव यांनी लिहिलं होतं," ती म्हणाली.

मुलीने तिला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र वाचलं. दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्याकडे बघावं तसे तिचे ओठ मुडपले.

"लिहिलं होतं? मग गेलं कुठे?"

करवत हळू आवाजात, थांबत थांबत, पहिल्यापासून सांगू लागली. मुलगी जमिनीकडे बघत ऐकत होती. मध्येच तिने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. दोघींपुरती जागा झाली.