एका हाताची डोलकाठी

तिच्या मनगटांनी दगा दिला आणि शिडाची होडी अंगणातच पडून राहिली. होडी ट्रेलरवर घालून तळ्यावर न्यायची आणि तिथे डोलकाठी उभी करायची, हे नवराबायको मिळून करत. तो आडवी काठी खांद्याने रेटून उचलायचा, ती पुढून तार ओढून धरायची. आता ती तार तिच्या हातून सुटायला लागली होती.

"पुरे झालं हे खूळ," तो म्हणाला. "वय झालं आपलं."

तिचा जन्म कारखान्यात लेथवर गेलेला. हात दुखले तरी डोकं स्वस्थ बसेना. डोलकाठीच्या पायाशी तिने काटकोनात एक लोखंडी नळी बसवली, नळीच्या टोकाला कप्पी आणि होडीच्या नाकाशी दोर गुंडाळून ओढणारा, हाताने फिरवायचा विंच. उठताना काठी बाजूला कलू नये म्हणून दोन्हीकडून नवे दोर घेतले. रोज मनगटांना पट्टे बांधून ती खटपट करायची. तो दारातून डोकावायचा. "काय, विमान कधी उडणार?"

एका दुपारी तिने हँडल फिरवलं. काठी संथपणे उठली आणि ताठ उभी राहिली. तिला हसूच आवरेना.

"अहो, बघा तरी! आता जाता येईल आपल्याला."

त्याने स्वतः दोनदा हँडल फिरवून पाहिलं. "हे तर एकट्याचं काम झालं की!"

रविवारी तिला जाग आली तेव्हा अंगण रिकामं होतं. संध्याकाळी तो परतला, सोबत शेजारचे मास्तर.

"वहिनी, काय डोकं चालवलंय ह्याने! तळ्यावर सगळे बघतच राहिले."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली वाकून ट्रेलरच्या चाकाला दगड लावत होता.

मास्तर गेल्यावर तिने विचारलं, "मला का नाही उठवलंत?"

"तुझे हात दुखतात ना. उगाच त्रास कशाला?"

"त्रास होऊ नये म्हणूनच तर केलं ते."

"बरं, बरं. चहा टाक."

मग दर रविवारी तेच. एकदा मास्तरही सोबत जायला आले होते; निघण्याआधी अंगणातच काठी उभी करून बघताना दोर कप्पीत अडकला आणि काठी अर्ध्यात लोंबकळली.

"अगं, काय करून ठेवलंयस हे!" तो ओरडला. चाललं तेव्हा त्याचं होतं, अडलं तेव्हा तिचं झालं.

मास्तर चमकले. "म्हणजे, हे वहिनींनी…?"

"आधी काठीखालून बाजूला व्हा दोघं," ती म्हणाली. होडीवर चढून, दात-ओठ खात तिने दोर मोकळा केला आणि काठी हळूहळू खाली घेतली.

"वहिनी, तुम्हीही चला ना," मास्तर ओशाळून म्हणाले.

"तिला नाही झेपत आता," तो म्हणाला आणि मास्तरांना गाडीत बसवून होडीसकट निघाला.

"झेपतं मला," ती म्हणाली. तोवर गाडी कोपऱ्यावर वळली होती.